सड्यावर गायींबरोबर मेंढ्या: गवत मार्चलाच संपतं, तुकडे कसे पाडू?

सड्यावरची (राजापूर), मे अखेर

नमस्कार. राजापूर तालुक्यात सड्याच्या (जांभ्या कातळाच्या पठाराच्या) पायथ्याला आमचं घर. गोठा सासूबाई आणि मी बघतो. नवरा मुंबईला नोकरीला, गणपती-शिमग्याला येतो. दावणीला पाच कपिला गायी, एक बैलजोडी, दोन कालवडी. शिवाय सोळा मेंढ्या.

कोकणात मेंढ्या कुठून आल्या हे सगळेच विचारतात, म्हणून आधीच सांगते. दिवाळी झाली की घाटावरून धनगरांचा एक वाडा (मेंढ्या घेऊन फिरणारं बिऱ्हाड) आमच्या मळ्यात बसायला येतो, सासऱ्यांच्या वेळेपासून. तीन वर्षांपूर्वी परत निघताना त्यांच्या सहा मेंढ्या लंगडत होत्या, घाट चढल्या नसत्या. त्या मी विकत ठेवून घेतल्या. खूर बरे झाले, मेंढ्या राहिल्या, वाढल्या. मागच्या पावसाआधी २३ होत्या.

जमीन अशी आहे. घराखाली दीड एकर मळा, भाताचा. घरामागे तीन एकर वरकस उतार. पूर्वी तिथे नाचणी-वरी व्हायची, आता चाळीस काजू आणि मधे गवत. वर सडा, आमच्या गडग्यातला (दगडी कुंपणातला) साधारण सात एकर. सातबाऱ्यावर अठरा नावं आहेत, पण हा तुकडा आम्हीच राखतो आणि भाऊबंदांची हरकत नाही.

आता अडचण. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सडा हिरवा दिसायला लागला की मी सगळी गुरं वर सोडते. गणपतीपर्यंत पोटं भरतात. दसऱ्याला गवत उभ्या उभ्या वाळतं, मग गुरं खातात त्याहून तुडवतात जास्त. मार्च उजाडला की वर नुसता काळा कातळ. यंदा एप्रिल-मेमध्ये पेंढा विकत घेण्यात १४,००० रुपये गेले. तेवढं दूध मी त्या दोन महिन्यांत विकलंही नाही.

सासूबाई म्हणतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा कुसळी (टोकदार कुसळांचं गवत) फक्त गडग्याच्या कडेला असायची, मधे सगळं बारीक मऊ गवत. आता अर्ध्या सड्यावर कुसळी आहे. दसऱ्यानंतर मेंढ्यांच्या लोकरीत ती इतकी अडकते की कातडीत घुसलेली टोकं मी चिमट्याने काढत बसते. एका कोकराच्या डोळ्यात कुसळ गेलं, तो डोळा गेलाच. खाली उतारावर रानमोडीचं तण दरवर्षी दोन हात पुढे सरकतं. आणि फेब्रुवारीत बाजूच्या सड्यावरून वणवा आला, आमचा दोन एकर जाळून गेला.

मागच्या पावसात चार मेंढ्या आणि तीन कोकरं मेली. जबड्याखाली पाण्याची पिशवी आल्यासारखी सूज, शेण पातळ, मग दोन-तीन दिवसांत आडवी. जंताचं औषध दोनदा पाजलं होतं. गायींना मात्र काहीच झालं नाही, त्याच गवतावर.

मेंढ्या विकायच्या नाहीत. ज्या वाफ्यात त्या बसतात तिथलं भात लांबूनही ओळखू येतं, आणि सवयीनं म्हणा किंवा मायेनं, त्या आता घरच्या झाल्यात. मला एवढंच कळत नाही की सात एकर सडा आणि तीन एकर उतार यांची वाटणी कशी करायची, कोणाला कधी सोडायचं, आणि गायी-मेंढ्या एकाच गवतावर चारणं चुकीचं आहे का. पाऊस दहा-बारा दिवसांवर आला आहे.

कुडाळची शेळीवाली

ताई, तुमचा जीव मेंढ्यांत आहे हे कळलं, तरी एक सांगून बघते. आमच्या सिंधुदुर्गात कन्याळ शेळी पिढ्यान् पिढ्या या पावसात टिकली आहे. काळी, तोंडावर पांढरे पट्टे, पाय उंच. ती मान वर करून पाला खाते, जमिनीलगतचं ओलं गवत कमी खाते, म्हणून जंत कमी. माझ्याकडे २८ आहेत.

पण शेळी ही गवत राखणारी नव्हे. काजूची कोवळी साल सोलून खाते, दोन दिवसांत झाड मरतं. तुमच्या चाळीस काजूंना आधी कुंपण करावं लागेल. घरी असलेल्या मेंढ्या टाकून शेळ्या घ्या असं मी म्हणणार नाही. फक्त मेंढ्यांसाठी जमिनीपासून दीड-दोन हात उंच माच करा. माझा पोफळ चिरून केलेल्या पट्ट्यांचा आहे, दोन पट्ट्यांत बोटभर फट. लेंडी-मूत खाली पडतं, खूर कोरडे राहतात. पावसात अर्धं दुखणं तिथेच थांबतं.

मेंढवाडा (फलटणकडचा)

ताई रामराम. मी वाड्यातलाच पोरगा, बारावी शिकलोय, म्हणून लिहितो. आमची खांड (कळप) साडेतीनशे बकऱ्यांची, आम्ही मेंढीला बकरीच म्हणतो. दिवाळी झाली की घाट उतरतो, चिपळूण-संगमेश्वरकडे फिरतो, वळवाच्या आत वर येतो. तुम्ही म्हणता ती लंगडी बकरी आमच्या वाड्याची नव्हती, पण अशी दरसाल चार-दोन निघतात. भातखाचरात गाळात पाय राहिला की खूर सडतो.

आमचे म्हातारे चार गोष्टी पाळतात, त्या सांगतो. दंव उठल्याशिवाय वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी) उघडायची नाही. सकाळी नऊ-साडेनऊला, गवताच्या पात्याला हात लावून कोरडं वाटलं की मग. एका जागी दोन रात्रींच्या वर बसायचं नाही. आम्ही वाघर हलवतो ते फक्त शेतकऱ्याला खत सगळीकडे मिळावं म्हणून नाही, आमची बकरी स्वतःच्या लेंड्यांवर चरू नये म्हणूनही. डबक्याच्या, पाटाच्या कडेचं हिरवं गवत कितीही चांगलं दिसलं तरी तिथून खांड हाकलून न्यायची.

गायी-मेंढ्या एकत्र चालतात. गाय जिभेनं वेढा घालून गवत उपटल्यासारखं खाते, तिला लांब पात लागते. मेंढी ओठानं खुडते, बोटभर उरलेलंही खाते. म्हणून गाय पुढं, चार दिवसांनी मेंढी मागं. गायीनं सोडलेलं मेंढीच्या पोटात जातं, वाया काही जात नाही. पण मेंढीला जास्त दिवस ठेवली तर ती मुळापर्यंत घासून खाते, मग त्या जागी पुन्हा गवत उठायला वेळ लागतो. ध्यान तिथं द्यायचं.

आणि खरं सांगू का, दख्खनी मेंढी ही कोरड्या माळाची. तुमच्या आषाढ-श्रावणात अंगावरची लोकर चार-चार दिवस वाळत नाही. रोहिणीत कातरून घ्या, अजून वेळ आहे. पुढच्या सालापासून वाटलं तर जो वाडा तुमच्याकडे बसतो त्यांच्याशी बोला. पावसाचे चार महिने तुमच्या मेंढ्या त्यांच्या खांडीत वर जातील, दिवाळीला परत. आमच्यात अशी राखण अर्धलीनं घेतात, होणारी कोकरं निम्मी-निम्मी. पैशाचा प्रश्न येत नाही. शब्द पाळणारा वाडा मात्र पाहिजे, आणि तुमचा तर सासऱ्यांपासूनचा आहे.

निवृत्त गुरांचा डॉक्टर (रत्नागिरी)

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौतीस वर्षं होतो, त्यातली बहुतेक याच जिल्ह्यात. ताईंनी सांगितलेली लक्षणं वाचून वाईट वाटलं, कारण ही मरणं टाळता येतात.

जबड्याखालची सूज म्हणजे रक्त आटल्याची खूण. दोन चोर आहेत. एक हिमोंकस, चौथ्या पोटात बसून रक्त पिणारा गोल जंत. दुसरा लिव्हर फ्लूक, यकृतात राहणारा पानासारखा चपटा कृमी. दोघांची औषधं वेगळी. गोल जंतावर चालणारं नेहमीचं पांढरं औषध लिव्हर फ्लूकवर पुरेसं पडेलच असं नाही, आणि तेच औषध वर्षानुवर्षं दिलं की गोल जंतही त्याला दाद देत नाहीत. आधी दवाखान्यात लेंड्या तपासून घ्या, मग औषध आणि मात्रा तिथूनच ठरवा. गाभण मेंढ्या कोणत्या, ते सांगायला विसरू नका. काही औषधं गाभणपणाच्या सुरुवातीला चालत नाहीत.

आता गवताकडे येतो, कारण दुखणं तिथून येतं. मेंढीच्या लेंडीतून हिमोंकसची अंडी पडतात. आपल्या पावसाळी दमट उकाड्यात पाच-सहा दिवसांत त्यांच्या अळ्या तयार होतात आणि ओल्या पात्यावर चढतात. फार वर जात नाहीत. बहुतेक अळ्या जमिनीपासून तीन-चार बोटांच्या आतच असतात. म्हणजे पावसाळ्यात मेंढी एका तुकड्यात चार दिवसांच्या वर राहिली की ती स्वतःच पेरलेले जंत खायला लागते. उलट आपल्याच उकाड्यात या अळ्या जगतातही कमी. महिना-दीड महिना त्या तुकड्यावर मेंढी गेली नाही तर बहुतेक मरून जातात. थंड मुलखात त्या जास्त काळ टिकतात, हा आपला फायदा.

इथे मेंढवाडावाल्या मुलाच्या बोलण्यात मी एक दुरुस्ती करतो. गाय पुढे, मेंढी मागे हे कोरड्या दिवसांत, म्हणजे दिवाळी ते मे, अगदी बरोबर. त्यांचा अनुभव त्याच दिवसांचा आहे. पावसाळ्यात हाच क्रम ठेवला तर गाय वरची सुरक्षित पात खाते आणि मेंढीच्या वाट्याला खालची, अळ्यांनी भरलेली पात येते. म्हणून जून ते ऑक्टोबर मेंढी पुढे सोडायची, वीतभर गवतावर, आणि ते चार बोटांवर यायच्या आत हलवायची. मागून गायी. मेंढीचा हिमोंकस मोठ्या गायीच्या पोटात सहसा रुजत नाही; गाय त्या अळ्या गिळते आणि तुकडा साफ होतो. तुमच्या गायींना काही झालं नाही त्याचं हेच कारण असावं. कालवडींना मात्र वर्षाच्या होईपर्यंत वेगळं बघा.

लिव्हर फ्लूकला हा नियम लागू नाही. तो गाय, म्हैस, मेंढी, शेळी सगळ्यांत सारखाच चालतो, आणि त्याचं मधलं घर म्हणजे गोड्या पाण्यातली बारीक गोगलगाय. ती असते मळ्यात, पाटाच्या कडेला, व्हाळाच्या (ओढ्याच्या) डबक्यात. भात कापल्यावर मळा पूर्ण सुकेपर्यंत मेंढ्या खाली उतरवू नका. बांधाचं गवत कापून घरी आणत असाल तर पाण्याच्या रेषेच्या वरचं कापा आणि ते चांगलं वाळवून घाला.

एक सोपी सवय लावून घ्या. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मेंढीची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघायचा. लालबुंद किंवा गडद गुलाबी असेल तर औषध नको. फिकट गुलाबी किंवा पांढरा दिसला की त्या मेंढीलाच औषध. सरसकट सगळ्यांना पाजत राहिल्यानेच औषधं बोथट झाली. अशा पद्धतीने कळपातली कायम फिकी पडणारी दोन-तीन जनावरंही कळतात. त्यांची पिल्लं ठेवू नका.

खुरांसाठी मोरचुदाचं (तांब्याच्या क्षाराचं) पाणी बरेच जण वापरतात. मेंढीला तांबं सोसत नाही, ती ते पाणी प्यायली तर विषबाधा होते. झिंक सल्फेटचं दहा टक्के पाणी, म्हणजे दहा लिटरला एक किलो, पसरट घमेल्यात घ्या आणि पाच मिनिटं उभी करा. आंत्रविषाराची लस राहिली असेल तर उद्याच जा. पहिल्यांदा देताना दोन डोस लागतात, पंधरा दिवसांच्या अंतराने. गायी-बैलांना घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी.

देवगडचो आबा

बाय, डॉक्टरांनी जनावरांचा सांगितला ता समदा खरा. मी गवताबद्दल लिहितंय. पुढचं सगळ्यांना समजेल असं लिहितो.

माझं वय ७१. आमचा सडा अकरा एकर, जांभा कातळ, त्यावर माती कुठे चार बोटं, कुठे वीतभर, खळग्यात हातभर. तुझ्या सासूबाई म्हणतात ते बारीक मऊ गवत मी ओळखतो. दाणेदार तुरा, दोन-तीन काड्या बोटांसारख्या पसरलेल्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून एकदा मुलं आली होती, त्यांनी त्याला डायमेरिया म्हटलं, दुसऱ्या एकाला इस्किमम. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. त्यांनी सांगितलं, सड्यावरचं हे बहुतेक गवत वर्षायू आहे. म्हणजे दरवर्षी बियातून उगवतं आणि दिवाळीला मरतं. मूळ राहत नाही. मी पन्नास वर्षं त्या गवतावर गुरं चारली आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भाताचं बी आपण जपून ठेवतो, गवताचं बी जनावरांच्या पोटात घालतो आणि पुढच्या साली गवत का नाही म्हणून विचारतो.

कुसळी तशी नाही. तिचा बुंधा जमिनीत राहतो, वणव्यात वरचं जळतं, पहिल्या पावसात पुन्हा फुटतं. तिचं बीही शहाणं. ते कुसळ ओलं-सुकं होताना पिळतं आणि बी मातीत भोसकतं, तिथे आग लागत नाही. बारीक गवताचं बी वरवर पडलेलं असतं, ते जळतं. आता तूच बघ, जूनपासून गुरं बारीक गवत बी धरण्याआधी खातात, फेब्रुवारीत वणवा उरलेलं बी जाळतो, आणि कुसळी दोन्हीतून वाचते. पंधरा वर्षांत अर्धा सडा कुसळीचा होणार नाही तर काय होणार?

आमचाही झाला होता. मी काय केलं ते सांगतो.

सड्याचे चार तुकडे पाडले. मधे नवा गडगा घालायला पैसे नव्हते. जुने पडके गडगे उचलले, जिथे नव्हते तिथे बांबूच्या काठ्या आणि सुंभाची दोरी, वर निवडुंग. ज्या तुकड्यात बारीक गवत जास्त उरलं होतं तो जूनपासून बंद केला, थेट बी झडेपर्यंत. आमच्याकडे कोजागिरी उलटल्यावर काडी हलवली की बी हातावर पडतं. मग बेडं (वाटेवरच्या आडव्या काठ्या) काढून गुरं आत सोडली. तेव्हा ती सुकं गवत खातात आणि त्यांचे खूर बी मातीत दाबतात. ते तुडवणं आता उपयोगाचं.

जिथे कुसळी माजली होती तो तुकडा कापणीचा. तिचं फूल येतं न येतं तोच, दसऱ्याच्या आसपास पाऊस उघडला की लगेच, कुसळं पिकायच्या आधी कापायची. त्या वेळेला कुसळी हिरवी, लुसलुशीत, जनावर आवडीनं खातं. पंधरा दिवस उशीर केलास की तीच काडी आणि वर भाले. लोक दिवाळीनंतर कापतात, भात कापून हात मोकळे होतात म्हणून. मी मजूर लावून भाताआधी गवत कापतो. लोकांना हे उलटं वाटतं, पण भात चार दिवस थांबतं, कुसळी थांबत नाही. असं लागोपाठ तीन वर्षं केलं, कुसळीला बी धरूच दिलं नाही, आणि मधे मधे बारीक गवत परत दिसायला लागलं.

उरलेले दोन तुकडे चाराईचे, आलटून पालटून. पण जूनमध्ये नाही. हिरवं दिसलं की सोडू नको, बाय. पहिल्या पंधरा दिवसांत रोप दोन पानांचं असतं, मुळासकट उपटून येतं, आणि भिजलेली चार बोटं माती खुरांनी निघून कातळ उघडा पडतो. तो कातळ आपल्या हयातीत परत झाकत नाही. गवत वीतभर होईपर्यंत गुरं उतारावर ठेव किंवा गोठ्यात पेंढा घाल. मे महिन्यासाठी ठेवतेस तसा जूनच्या तीन आठवड्यांसाठीही पेंढा राखून ठेवायचा, हे माझं ऐक.

हिशोब असा. कपिला जातीचं मोठं जनावर दिवसाला पाच-सहा किलो सुकं खातं. सहा-सात मेंढ्या मिळून एका गायीएवढ्या. तुझ्याकडे म्हणजे दहा-साडेदहा गायींचा खर्च झाला. जानेवारी ते मे दीडशे दिवस धर. साडेआठ टनांच्या पुढे जातं. दीड एकराचा पेंढा त्यातला फार तर दीड-दोन टन. म्हणून सांगतो, तीनशे भारे गवत पाहिजे, चौदा-पंधरा किलोचा एक. उरलेलं फेब्रुवारीपर्यंत जनावर फिरून मिळवील. उडवी (गवताची गंजी) घालताना खाली दगड आणि काटक्या टाक, वाळवी लागते.

पेंढा नुसता घालू नको. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडून दाबायचा आणि प्लास्टिकने हवाबंद करून एकवीस दिवस ठेवायचा. उघडल्यावर वास उडू दे, मग घाल. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला नाही, आणि कोरडा युरिया कधीच नाही.

रानमोडी कापू नको, उपट. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर मुळासकट येते. मोकळी झालेली जागा उघडी ठेवलीस तर तीच परत येईल. तिथे स्टायलोचं बी टाक. आंबट जांभ्या मातीत येतं, शेंगवर्गी आहे, मेंढ्या चवीनं खातात. सांडपाण्याच्या तोंडाला दोन-तीन गुंठे संकरित नेपियर गवत लाव, तीन फुटांवर एक ठोंब. दुभत्या गायींना एप्रिलमध्ये तेवढंच हिरवं.

वणव्याचं म्हणशील तर तो तुझ्या एकटीनं थांबणार नाही. डिसेंबरमध्ये हद्दीने दहा फूट पट्टा कापून साफ कर, आणि वाडीच्या बैठकीत विषय काढ. शिमग्याच्या आधी काढ, मुंबईकर यायच्या आधी, गुरं असलेली माणसं बसलेली असतात तेव्हा. लोक जाळतात ते कोंब फुटावे म्हणून. त्यांना बंद तुकडा दाखव. आमच्याकडे दाखवल्यावर तीन घरांनी जाळणं थांबवलं, बाकीचे अजून जाळतात.

सड्यावरची (राजापूर)

आबा, डॉक्टरसाहेब, दादा, शेळीवाल्या ताई, सगळं दोनदा वाचलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. मेंढ्या परवा कातरल्या. लस उद्या.

डॉक्टरसाहेब, एक विचारते. मेंढी पुढे आणि गाय मागे ठेवायचं तर दोघींना रोज वेगवेगळ्या तुकड्यांत राखायला माणूस नाही. मी एकटी. मेंढ्या चार दिवस आत, मग त्यांना उतारावर काजूखाली आणून गायी त्या जागी, असं चालेल का? मेंढ्या काजूला तोंड लावत नाहीत, खालचं गवत खातात, हे मी तीन वर्षं बघितलं आहे.

निवृत्त गुरांचा डॉक्टर (रत्नागिरी)

चालेल. मोठ्या काजूखाली चालेल, पण नवी रोपं असतील तर जाळी लावा. उतारावर पाणी साचत नाही ही जमेची बाजू. तिथेही चार दिवसांनी जागा बदला. वहीत तारीख लिहीत जा, लक्षात राहत नाही.

सड्यावरची (राजापूर), नोव्हेंबर

तुम्ही एवढं लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगते.

लेंड्या तपासल्या, दोन्ही निघाले, हिमोंकस आणि लिव्हर फ्लूक. औषध वेगळं मिळालं. पूर्ण पावसाळ्यात एक म्हातारी मेंढी गेली, बाकी सगळ्या आहेत. पापण्यांची वही ठेवली आहे. तीन मेंढ्या प्रत्येक वेळी फिक्या निघाल्या, त्या आता दूर करीन.

जूनमध्ये गुरं गोठ्यात ठेवणं फार जड गेलं. सड्यावर हिरवं दिसत होतं आणि गायी दावणीला हंबरत होत्या. वाडीतले येऊन विचारून जायचे. दोन आठवडे धरलं, तिसऱ्यात पेंढा संपला म्हणून सोडली. कुसळीचा तुकडा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कापायला घेतला, चार बायका आणि मी. मधे दोन दिवस पाऊस पडला, सुमारे तीस भारे काळे पडले. बाकीचे २४० उडवीत आहेत. आबांचे तीनशे झाले नाहीत.

बंद तुकडा मी कातळशिल्पाच्या बाजूचा ठेवला. आमच्या सड्यावर एक मासा आणि एक चौकट कोरलेली आहे, तिथे तसंही गुरं जाऊ नयेत असं मला वाटायचं. जूनमध्ये त्या तुकड्यात दिपकाडीची पांढरी फुलं आली. मी इथे आल्यापासून कधी पाहिली नव्हती. खुरांखाली जात असणार. श्रावणात कवळ्याची भाजी तिथूनच आणली. कोजागिरीनंतर सासूबाईंना हात धरून वर नेलं. गुडघ्याला दुखतं, सहा वर्षांत त्या वर आल्या नव्हत्या. खाली बसल्या, गवत मुठीत धरून वरपर्यंत हात ओढला आणि बी ओंजळीत घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, हेच ते.

परवा वाडा आला. मळा अजून खाली ओला आहे, म्हणून त्यांना वरच्या सुक्या वाफ्यांत बसवलं. पुढच्या मेमध्ये दहा मेंढ्या अर्धलीनं वर न्यायचं बोलणं झालं आहे, उरलेल्या घरी ठेवीन.

आबा, एकच विचारायचं आहे. पुढच्या साली हाच तुकडा पुन्हा बंद ठेवू की दुसरा घेऊ? बी पडलं आहे, पण अजून थर पातळ दिसतो, मधे कातळ उघडा आहे.

देवगडचो आबा

अजून एक साल तोच ठेव. आणि काळे पडलेले तीस भारे फेकू नको, पावसाआधी उघड्या कातळावर पसर. त्यात माती धरते, बी अडकतं.